पहिली प्राइम लेन्स: ५० की ३५, हे तुमच्या खोलीला विचारा

प्रश्न असा आहे. एपीएस-सी या लहान सेन्सरचा नवशिक्यांसाठीचा कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आहे. तीन वर्षांच्या मुलीचे घरातले फोटो संध्याकाळी हललेले येतात, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवला तर दाणेदार येतात. ओळखीतले सगळे म्हणतात, डोळे झाकून ५० एमएम एफ/१.८ घे. एकच जण ३५ म्हणतो. (एमएमचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ: तो जितका मोठा, तितकं दृश्य अरुंद. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त उजेड येतो. आणि झूम न होणाऱ्या, एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सला प्राइम म्हणतात.) कोणती घ्यावी, आणि एफ/१.४ साठी थांबावं का?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. तुमचे बहुतेक फोटो घरात निघणार असतील तर ५० घेऊ नका, ३५ च्या आसपासची घ्या. एफ/१.८ पुरेसं आहे, १.४ साठी थांबू नका. आणि पैसे देण्याआधी दोन आठवडे किट लेन्सवर चिकटपट्टी लावून एक प्रयोग करा, तो पुढे सांगतो.

मी गेली बरीच वर्षं फोटो काढतो आहे आणि नवशिक्यांना शिकवतोही आहे. पहिली प्राइम लेन्स हौसेने घेऊन ती सहा महिन्यांत कपाटात गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. अशा वेळी लेन्स काढून तपासली तर तिच्यात बहुधा काहीच दोष नसतो. ती माणसं जिथे उभी राहून फोटो काढतात, त्या अंतराला ती लेन्स बसत नसते. सगळी चर्चा मात्र अ‍ॅपर्चरभोवती, म्हणजे लेन्सच्या आत उघडणाऱ्या भोकाभोवती, फिरते, कारण तो आकडा लेन्सवर छापलेला असतो. अंतर कुठेच छापलेलं नसतं. म्हणून आधी अंतराचं बोलू.

पण त्याआधी, सगळे ५० च का म्हणतात ते सांगायला हवं, कारण ते उगाच म्हणत नाहीत. हा सल्ला फिल्मच्या काळातून आलेला आहे. ३५ एमएम फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, तिचा कर्ण साधारण ४३ मिलिमीटर. कर्णाच्या जवळपास जाणारी फोकल लेंग्थ त्या चौकटीसाठी ‘नॉर्मल’ मानतात: फार रुंदही दिसत नाही, फार ओढून जवळ आणल्यासारखंही दिसत नाही. १९२५ साली पहिला लायका कॅमेरा बाजारात आला तो ५० एमएमची लेन्स घेऊनच. पुढे कित्येक दशकं कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स ५० चीच असायची. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम ५० वर केलं. त्यामुळे ‘एकच लेन्स घ्यायची तर ५०’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, आणि त्या कॅमेऱ्यांसाठी ते खरंही होतं.

ती स्वस्त का, याचंही कारण तिच्या रचनेत आहे. अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळपास आरशातल्यासारखी मांडलेली भिंगं, ही डबल गॉस नावाची रचना. झाइस या जर्मन कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये केलेली प्लानार ही तिच्या मूळ रूपांपैकी एक. सममितीमुळे बरेच दोष एकमेकांना आपोआप खोडतात, म्हणून सहा-सात साध्या भिंगांत उत्तम ५० एमएम बनते. ३५ ची गोष्ट वेगळी. डीएसएलआर या प्रकारच्या कॅमेऱ्यांत लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलतो, त्यासाठी जागा सोडावी लागते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची जोडणी) ते अंतर ४४ मिलिमीटर आहे, निकॉनच्या एफ माउंटमध्ये साडेशेहेचाळीस. ५० एमएमला एवढी जागा सोडणं फारसं जड जात नाही. पण ३५ ची लेन्स तेवढी लांब ठेवून तिची प्रतिमा सेन्सरवर पाडायची तर पुढे जास्तीची भिंगं घालून रचना उलटी ताणावी लागते. त्यामुळे फुल फ्रेमला, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरला, पुरेल अशी चांगली आणि उजळ ३५ नेहमीच ५० पेक्षा महाग आणि जड राहिली. फक्त छोट्या सेन्सरपुरती बनवलेली ३५ मात्र स्वस्तात बनवता येते, हे ध्यानात ठेवा.

आता तुमचा कॅमेरा. एपीएस-सी सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान: निकॉन, सोनी, फुजी यांच्यात साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, कॅननमध्ये त्याहून जरा लहान. ५० एमएमची लेन्स त्याच्यावर लावली तरी ती ५० एमएमच राहते, तिच्यात काहीही बदलत नाही. फक्त तिने पाडलेल्या प्रतिमेचा मधलाच तुकडा सेन्सर उचलतो. म्हणून दिसणारं दृश्य फुल फ्रेमवरच्या ७५ एमएमइतकं अरुंद होतं, कॅननवर ८० इतकं. यालाच क्रॉप फॅक्टर म्हणतात, १.५ किंवा १.६. जुन्या सल्ल्यातली ‘नॉर्मल’ लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर अशी लहानशी टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, होऊन बसते. तुमच्या कॅमेऱ्याची नॉर्मल २८ ते ३५ च्या दरम्यान आहे. मायक्रो फोर थर्ड्सचा, म्हणजे याहून लहान सेन्सरचा, कॅमेरा असेल तर हिशेब दुपटीचा, म्हणजे तिथे २५ एमएम.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ‘७५ सारखी दिसते’ म्हणजे खोलीत नेमकं काय होतं, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

समजा तुम्ही भिंतीला पाठ टेकून उभे आहात आणि मुलगी तीन मीटरवर खेळते आहे. आडव्या फ्रेममध्ये त्या अंतरावर ५० एमएमला साधारण १.४ मीटर रुंदी दिसते. ३५ ला दोन मीटर. २४ ला जवळजवळ तीन मीटर. १.४ मीटरमध्ये मुलगी मावते, पण तिची आई शेजारी बसली आणि आजोबा मागून वाकून बघायला लागले की कोणाचा तरी खांदा कापला जातो. उभ्या माणसाचा पायांपर्यंतचा फोटो, वर-खाली थोडी हवा ठेवून, कॅमेरा उभा धरून घ्यायचा तर ५० ला सव्वाचार मीटर लांब जावं लागतं. ३५ ला तीन मीटर पुरतात. आणि हाच फोटो कॅमेरा आडवा धरून हवा असेल तर ५० वर सहा मीटरांच्याही पलीकडे जावं लागेल. आपल्यापैकी किती जणांच्या घरात सलग सहा मीटर मोकळे सापडतील?

माझी स्वतःची पहिली प्राइम ५० च होती, अशाच छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर. एका मित्राकडे घरगुती कार्यक्रम होता, खोली लहान, माणसं दहा-बारा. मी कपाटाला पाठ लावून संध्याकाळभर फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर एकेकट्या चेहऱ्यांचे सुंदर फोटो होते, मागचं सगळं विरघळलेलं. पण कोण कोणाशी बोलत होतं, कोणाच्या मांडीवर कोण बसलं होतं, हे एकाही फोटोत नव्हतं. मित्राच्या आजीचा आणि तिच्या पणतवंडाचा एकत्र फोटो मला मिळालाच नाही, कारण दोघं एकत्र मावतील इतकं मागे जायला जागा नव्हती. किट लेन्स मी मुद्दाम घरी ठेवून गेलो होतो, ‘आता प्राइम आहे’ म्हणून. ती आजी आता नाही. तेव्हापासून कोणी पहिल्या लेन्सचं विचारलं की मी आधी विचारतो, फोटो काढताना तुमच्या पाठीमागे किती जागा असते?

लोक यावर म्हणतात, प्राइमवर पायांनी झूम करायचं असतं. पुढे सरकण्यापुरतं ते बरोबर आहे. मागे सरकायला मात्र भिंत आडवी येते. म्हणून शंका असेल तेव्हा थोडी रुंद लेन्स घ्यावी, असं माझं मत आहे. रुंद फोटो नंतर थोडा कापता येतो. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून ३५ चं दृश्य ५० इतकं कापलं तरी साधारण १२ मेगापिक्सेल उरतात, ते छापायलाही भरपूर आहेत. अरुंद फोटोच्या बाहेर जे राहिलं ते कशानेच परत येत नाही.

३५ च्या विरुद्ध एक रास्त आक्षेप आहे, तोही सांगतो. चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर ३५ घेऊन पाऊण मीटरपर्यंत जवळ जावं लागतं. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा लेन्सचा दोष समजला जातो, पण ती करामत अंतराची आहे: पाऊण मीटरवरून कुठल्याही लेन्सने चेहरा तसाच दिसेल. ५० वर तोच चेहरा तेवढाच भरायला एक मीटरच्या पलीकडून चालतं, म्हणून तो जास्त शांत दिसतो. तेव्हा तुम्हाला मुख्यतः चेहरे काढायचे असतील, खांद्यापासून वरचे, आणि बाहेर अंगणात, बागेत, गच्चीवर जागा असेल, तर ५० हीच तुमची पहिली लेन्स. तिथे मी ३५ चा आग्रह धरणार नाही. पण तीन वर्षांची मुलगी घरात खेळताना तिचा चेहरा जितका हवा असतो तितकेच तिचे हात, पसरलेली खेळणी, खिडकीतून येणारं ऊनही हवं असतं. दीड मीटरवरून ३५ ने हे सगळं येतं, आणि त्या अंतरावरून चेहरा विद्रूपही होत नाही.

आता उजेडाकडे वळू, कारण तुमची मूळ तक्रार ती आहे.

तुमची किट लेन्स १८ वर एफ/३.५ उघडते, ३५ च्या आसपास एफ/४.५ च्या जवळ येते आणि ५५ वर एफ/५.६. या आकड्यांचा वर्ग करून तुलना केली की उजेडाचा फरक कळतो. ५.६ च्या जागी १.८ म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. ४.५ च्या जागी १.८ म्हणजे सव्वासहा पट. समजा संध्याकाळी दिव्याच्या उजेडात तुम्हाला किट लेन्सवर, ३५ एमएमला, एफ/४.५ आणि आयएसओ ३२०० वर १/६० सेकंदाचा शटर मिळतो. बसलेल्या मोठ्या माणसाला तो चालून जातो, खेळणाऱ्या मुलीला अजिबात नाही. तिच्यासाठी निदान १/२५० लागतो. तोच उजेड, तोच आयएसओ, फक्त एफ/१.८ केलं की शटर साधारण १/३७५ वर जातो. हवं तर थोडा आयएसओ उतरवून १/२५० वर थांबता येतं. हलणं आणि दाणे, या दोन्ही तक्रारी एकदम कमी होतात. त्यासाठी ही खरेदी पूर्णपणे सार्थ आहे.

पण दुकानात कोणी आपणहून सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. बहुतेक किट लेन्समध्ये स्थिरीकरण असतं (कॅननमध्ये आयएस, निकॉनमध्ये व्हीआर, सोनीत ओएसएस अशी त्याची नावं), आणि स्वस्त प्राइममध्ये ते सहसा नसतं. स्थिरीकरण हाताची थरथर सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवू शकत नाही. तेव्हा रात्रीचा रिकामा रस्ता, देवळाचा गाभारा, टेबलावरच्या वस्तू, म्हणजे जिथे समोर काही हलत नाही, तिथे तुमची किट लेन्स १/१० वरही स्वच्छ फोटो देईल आणि प्राइमचा फायदा बराचसा फिटून जाईल. प्राइमचं मोठं अ‍ॅपर्चर कामाला येतं ते जिवंत, हलत्या माणसांसाठी. बिनस्थिरीकरणाच्या लेन्सवर हात सांभाळायला ३५ ला १/६० आणि ५० ला १/८० च्या खाली जाऊ नये, असा ढोबळ नियम धरा.

एफ/१.८ ची दुसरी बाजू नवशिक्यांना पहिल्या महिन्यात रडवते. नवी लेन्स आली की प्रत्येक जण ती पूर्ण उघडी ठेवतो आणि जवळ जातो. ५० एमएमवर एफ/१.८ ने दीड मीटरवरून फोटो काढला तर ठसठशीत दिसणारी खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, साधारण सहा सेंटिमीटर असते. एक मीटरवरून पावणेतीन सेंटिमीटर. पापणीवर फोकस लागला तर कान गेला, आणि मुलगी बोलता बोलता जराशी पुढे झुकली तर सगळाच चेहरा गेला. मग माणसाला वाटतं लेन्स खराब आहे. दोन चेहरे एकत्र असतील तर एक ठसठशीत आणि दुसरा धूसर. ३५ वर दीड मीटरवरून, त्याच एफ/१.८ ला, साधारण साडेबारा सेंटिमीटर मिळतात, म्हणजे दुप्पट. नवशिक्याच्या हातात ३५ द्यावी असं मला वाटतं त्यामागे हेही मोठं कारण आहे: तिच्यावर चूक पचते.

म्हणून पहिले काही आठवडे उजेड पुरत असेल तिथे एफ/२.८ वर काढा. पार्श्वभूमी तरीही मऊ राहते, चेहरा पूर्ण सापडतो, आणि यातल्या जवळजवळ सगळ्या लेन्स २.८ वर १.८ पेक्षा स्पष्टपणे धारदार असतात. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला पांढऱ्या कपड्याच्या कडेला किंवा पानांच्या कडांना जांभळी-हिरवी झाक दिसते, तीही बंद करत नेलं की कमी होते. उजेड खरोखर संपला की मग १.८. कॅमेरा ए किंवा एव्ही मोडवर ठेवा, म्हणजे अ‍ॅपर्चर तुमच्या हातात राहील आणि शटर कॅमेरा ठरवेल. ऑटो आयएसओमध्ये किमान शटर १/२५० ठरवून देण्याची सोय असेल तर ती नक्की वापरा. ती सोय नसेल तर एम मोडवर अ‍ॅपर्चर आणि शटर स्वतः ठरवून आयएसओ ऑटोवर सोडा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते चालतं.

फोकसचं आणखी थोडं. कॅमेऱ्याला सगळे फोकस बिंदू मोकळे सोडले तर तो सहसा सर्वांत जवळचं काही पकडतो, म्हणजे नाकाचं टोक नाहीतर पुढे आलेला हात. एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. मधल्या बिंदूने फोकस घेऊन मग कॅमेरा फिरवून रचना करायची सवय किट लेन्सवर खपते, १.८ वर खपत नाही, कारण फिरवताना फोकसचं प्रतल दोन-तीन सेंटिमीटर सहज सरकतं. मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, कॅमेरा असेल आणि त्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा आणि निश्चिंत व्हा. डीएसएलआर असेल आणि सगळं नीट करूनही फोकस सतत थोडा पुढे किंवा मागे पडत असेल, तर एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, तोच फोटो काढून पाहा. तिथे धारदार आला आणि व्ह्यूफाइंडरमधून नाही आला, तर लेन्स आणि कॅमेरा यांच्यात जुळणीचा फरक आहे. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमध्ये तो मेनूतून दुरुस्त करायची सोय सहसा नसते. मुदतीत असेल तर अशी लेन्स बदलून घ्या.

एफ/१.४ ची वाट पाहू का, असं विचारलं आहे. १.८ आणि १.४ यांत फरक दोन-तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). वरच्या उदाहरणात शटर १/३७५ ऐवजी १/६०० च्या आसपास मिळेल, बस. त्याबदल्यात लेन्स जड होते, महाग होते आणि आधीच पातळ असलेली डेप्थ ऑफ फील्ड आणखी पातळ होते. लेन्स जड झाली की कॅमेरा घरी राहायला लागतो, हे मी स्वतःवरून आणि शिकणाऱ्यांवरून पाहिलं आहे. अपवाद एवढाच, की काही माउंटांवर तुमच्या उपयोगाच्या फोकल लेंग्थची परवडणारी लेन्सच १.४ ची असते. तेव्हा ती खुशाल घ्या.

आता कोणत्या कॅमेऱ्यावर कोणती. तुम्ही कंपनीचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून थोडक्यात सगळ्यांचं सांगतो.

निकॉनच्या डीएसएलआरसाठी एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी, २००९ मध्ये आलेली. २०० ग्रॅम वजन, ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस होते, आणि छोट्या सेन्सरपुरतीच बनवल्यामुळे स्वस्त. नव्या शिकाऊ माणसासाठी इतकी नेमकी बनवलेली लेन्स क्वचितच असते. जुनी वापरलेली लेन्स घेताना मात्र नावातली अक्षरं नीट वाचा. ‘एएफ’ आणि ‘एएफ-एस’ यांत फरक आहे. नुसत्या एएफ लेन्समध्ये, उदाहरणार्थ ५० एमएम एफ/१.८डी मध्ये, फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत (डी३५००, डी५६०० वगैरे) ती मोटर नाही. लेन्स बसते, फोटो निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. या एका अक्षरापायी पुष्कळ जण फसलेले आहेत. निकॉनच्या झेड माउंटच्या छोट्या सेन्सरवर झेड डीएक्स २४ एमएम एफ/१.७ आहे, घरासाठी उत्तम. झेड ४० एमएम एफ/२ ही चांगली आहे, पण ती फुल फ्रेमवरच्या ६० सारखी दिसते, म्हणजे ५० च्या बाजूला झुकलेली.

कॅननच्या डीएसएलआरवर निर्णय खरोखर अवघड आहे, आणि सगळीकडे ५० चाच गजर का होतो याचं एक कारण इथे आहे. ५० एमएम एफ/१.८ एसटीएम, २०१५ ची, १६० ग्रॅमची, ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाणारी, किमतीच्या मानाने अप्रतिम लेन्स आहे. पण निकॉनसारखी छोट्या सेन्सरपुरती स्वस्त ३५ एफ/१.८ कॅननने डीएसएलआरसाठी काढलीच नाही. ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम आहे, चकतीएवढी चपटी, १२५ ग्रॅमची, आणि तिची रुंदी घराला अगदी योग्य. मात्र तिचा उजेड पाहा: किट लेन्स २४ वर साधारण एफ/४ असते, तिच्यापेक्षा एफ/२.८ एकच स्टॉप जास्त, आणि वर स्थिरीकरण नाही. तुमची तक्रार संध्याकाळच्या उजेडाची आहे, तिला एक स्टॉप पुरणार नाही. ईएफ ३५ एमएम एफ/२ आयएस यूएसएम सुंदर आहे, पण फुल फ्रेमसाठी बनवलेली असल्याने महाग. सिग्माची ३० एमएम एफ/१.४ डीसी एचएसएम हा मधला मार्ग, आणि वर सांगितलेला १.४ चा अपवाद तो हाच. कॅननवर माझा क्रम असा राहील: वापरलेली चांगली सिग्मा ३० मिळाली तर ती, नाही मिळाली तर ५० एसटीएम घ्या, आणि माणसं एकत्र असतील तेव्हा किट लेन्स लावायला लाजू नका.

कॅननच्या आरएफ माउंटवर आरएफ ३५ एमएम एफ/१.८ मध्ये स्थिरीकरणही आहे आणि ती खूप जवळचंही टिपते. खर्च झेपत असेल तर ती घेऊन हा विषय संपवा. आरएफ २८ एमएम एफ/२.८ छोटी आणि स्वस्त आहे, तिलाही उजेडाची तीच मर्यादा. सोनीवर ई ३५ एमएम एफ/१.८ ओएसएस, स्थिरीकरणासह, किंवा सिग्माची ३० एमएम एफ/१.४ डीसी डीएन. फुजीवर एक्ससी ३५ एमएम एफ/२ किंवा एक्सएफ २३ एमएम एफ/२. घरात मला २३ जास्त आवडते. मायक्रो फोर थर्ड्सवर पॅनासॉनिकची २५ एमएम एफ/१.७ किंवा ऑलिंपसची २५ एमएम एफ/१.८, डोळे झाकून. तिथे ‘डोळे झाकून’ म्हणता येतं.

वापरलेली लेन्स घ्यायला हरकत नाही. प्राइममध्ये हलणारे भाग कमी, ती वर्षानुवर्षं टिकते. घेताना मोबाइलचा टॉर्च मागून आरपार टाकून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी नको. चार धुळीचे कण दिसले तर काळजी करू नका, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नसावी. तुमच्या कॅमेऱ्यावर लावून एफ/१.८ आणि एफ/८ वर एकेक फोटो काढा, फोकस जवळून दूर आणि दुरून जवळ नेऊन मोटरचा आवाज ऐका. लेन्सच्या कडेला ठोकर लागल्याची खूण असेल तर भिंगं सरकली असण्याची शक्यता असते, ती टाळा.

आता तो प्रयोग. किट लेन्सचं झूमचं कडं ३५ वर आणा आणि कागदी चिकटपट्टीने पक्कं करा. सात दिवस हात लावायचा नाही. नेहमी जिथे काढता तिथेच फोटो काढा: स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत, खाली खेळायच्या जागेत. दर वेळी ‘आणखी मागे जायला हवं होतं’ वाटलं की वहीत एक रेघ, ‘आणखी जवळ हवं होतं’ वाटलं की दुसऱ्या बाजूला एक रेघ. पुढच्या आठवड्यात हेच ५० वर. फोटो हललेले आणि दाणेदार येतील, त्याकडे सध्या लक्ष देऊ नका, फक्त फ्रेमच्या कडा बघा. दोन आठवड्यांनी वही सांगेल.

काही जण त्याऐवजी जुन्या फोटोंच्या नोंदी, म्हणजे एक्झिफ माहिती, बघून कोणती फोकल लेंग्थ जास्त वापरली ते मोजायला सांगतात. मला त्याचा फारसा उपयोग दिसलेला नाही. झूम लेन्स वापरणारे नवशिके बहुतेक वेळा एक तर पूर्ण मागे नाहीतर पूर्ण पुढे फिरवतात, त्यामुळे नोंदींत १८ आणि ५५ यांचेच ढीग दिसतात. त्यातून आवड कळत नाही, हाताची सवय कळते. तरीही तुमच्या नोंदींत १८ चा ढीग फारच मोठा निघाला आणि चिकटपट्टीच्या आठवड्यात ३५ वरही ‘मागे जायला हवं’च्या रेघा भरल्या, तर २३-२४ कडे जा. लहान घरात हे होऊ शकतं.

लेन्स आली की तिचं हूड, म्हणजे पुढे लावायचं कडं, लावून ठेवा. वेगळं काचेचं फिल्टर घेण्याची घाई नको, स्वस्त फिल्टरमुळे दिव्यांच्या प्रतिबिंबांचे ठिपके फोटोत येतात. हूड धक्क्यापासूनही वाचवतं.

आणि पहिल्या दिवशी दिवाणखान्यातला मोठा दिवा लावू नका. मुलीला खिडकीपाशी खेळू द्या, दुपारी चार-पाचच्या सुमाराला. तुम्ही जमिनीवर बसा, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, अंतर दीड मीटर, एफ/२.८, शटर १/२५०, आयएसओ ऑटो, फोकसचा एकच बिंदू तिच्या खिडकीकडच्या डोळ्यावर. तिला ‘इकडे बघ’ म्हणू नका. ती विसरेपर्यंत पाच मिनिटं तसेच बसून राहा, मग काढायला सुरुवात करा.